लाल कागदाचे सावेसाहेब

चहा आधी संपवा, मग सांगते. ऐकताना कपाला तोंड लागलेलं असलं तर ठसका बसेल, आणि त्याचं पाप मला नको.

तुम्ही म्हणाल, म्हातारीच्या हातून काही चुकलं, त्यात नवल ते काय? तसं नाही हो. चुकले मी अर्धाच दिवस. पण बोयसरचा एक अख्खा कारखाना पुढे दोन आठवडे ते निस्तरत बसला होता.

माघात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर थेंब घालायचे, आणि धूर नको, वारा नको, खारं पाणी नको. आता मला सांगा, आमच्या शिरगावच्या घरात या तीन गोष्टींवाचून दुसरं आहे काय? मुलगा आणि सून दोघं बोटीच्या मागे. थेंब घालणार कोण? शेवटी माझी नात भाविका आली, माझं गाठोडं उचललं आणि मला बोयसरला तिच्या फ्लॅटवर घेऊन गेली.

मला तर आनंदच झाला. ही पोरगी लहानपणी माझ्या पायात पायात असायची. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या वलांड्या असतात ना, त्यांच्याखाली हातात काठी घेऊन बसायची आणि कावळे हाकायची. आणि बोलायची किती! समुद्र खारट का, बोंबलाला हाड का नाही, आजोबांच्या मिशा पाण्यात भिजत नाहीत का. मी म्हणायची, बाय, जरा तोंडाला विसावा दे.

तो विसावा मला बोयसरला मिळाला.

आठवड्यातले निम्मे दिवस ती घरूनच काम करायची. घरात माणसं दोन, पण तिचं बोलणं चालायचं तिसऱ्याशी, नाहीतर चौथ्याशी. कानात ते अडकवलेलं, समोर कॉम्प्युटर. मी हाक मारली, की वळायची नाही, नुसतं एक बोट वर करायची. म्हणजे एक मिनिट. तिचं एक मिनिट सरेपर्यंत तिकडे शिरगावला भरतीची ओहोटी होत असेल. मी खिडकीपाशी बसून कारखान्यांची धुराडी मोजायची. अकरा होती. पुन्हा मोजली तरी अकराच.

एकदा जेवताना बोट वर नव्हतं, म्हणून विचारून घेतलं, तू करतेस तरी काय गो? ती म्हणाली, एंटरप्राइज आर्किटेक्चर. माझं तोंड बघून तिनं मग मला कळेल असं सांगितलं. म्हणाली, "आजी, समज एका गावात सात बोटी आहेत. प्रत्येकीचा तराजू वेगळा, टोपलीचं माप वेगळं, एकीच्या मासळीची खबर दुसरीला नाही. मग गावात आज मासळी किती आली, हे कोण सांगणार?"

"कोण नाय सांगणार."

"तसाच आमचा रंगाचा कारखाना आहे. स्टोअरचा कॉम्प्युटर लॅबला ओळखत नाही, लॅबचा माल पाठवणाऱ्यांना ओळखत नाही. सगळ्यांनी मिळून एक पद्धत वापरायची. तिचा नकाशा मी काढते."

"मग काढ की. अडलंय कुठं?"

"नकाशा कधीच काढून झाला. माणसं अडलीत."

त्या अडलेल्या माणसांना ती स्टेकहोल्डर म्हणायची. म्हणजे त्या कामात ज्याचं काही जाणार किंवा ज्याला काही मिळणार, असा माणूस. त्यांना सांभाळायचं, समजवायचं, हो म्हणायला लावायचं, हे तिचं खरं काम. तीन खात्यांचे तीन प्रमुख होते. शुक्रवारी मोठ्या साहेबांसमोर तिघांनी हो म्हटलं, की झालं. भाविका म्हणाली, "शुक्रवारी हो झालं ना आजी, की शनिवारी तुला घेऊन गावाला. आठ दिवस रजा काढते. होळी करूनच परत यायचं."

आठ दिवस! मला त्या रात्री बोंबील खाल्ल्यासारखी झोप लागली. आठ दिवस ती आणि मी. वलांडीखाली चटई टाकायची, कावळे हाकायचे आणि तिला म्हणायचं, बोल बाय, आता बोल.

तेव्हापासून माझं सगळं लक्ष त्या तिघांवर.

तिच्या खोलीतल्या भिंतीवर तिघांच्या नावाचे तीन कागद चिकटवलेले होते. तिनंच मला बोट लावून दाखवले होते. हे स्टोअरचे सावे, या लॅबच्या पाटीलबाई, हे मिश्राजी, माल पाठवणारे. सावेंचा कागद लाल, बाकी दोघांचे हिरवे. नव्या डोळ्याला ते रंग असे लखलखीत दिसत होते की काय सांगू. रंगांचं ती सांगणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोट वर. गेली.

जाऊ दे म्हटलं. रंगांचं मला काय शिकवणार?

इथे जरा आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते, नाहीतर तुम्ही मला वेडीच म्हणाल. मला अक्षर एक येत नाही. माझ्याबरोबर सुकी मासळी विकायला बसायच्या, त्यांतल्या कुणालाच येत नव्हतं. मग जवळ्याचे, बोंबलाचे एवढे ढीग पडलेले असायचे, त्यांतला कोणता गेला आणि कोणता राहिला हे कळणार कसं? तर ढिगावर लाल चिंधी. घेणाऱ्याचा हो आणि देणाऱ्याचा हो, दोन्हीकडून हो झाला की मगच चिंधी लावायची. मग त्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही. चाळीस वर्षं मी लाल दिसलं की मान वळवत आले. इथलं काम झालं, पुढच्याकडे बघा.

आता कळलं ना मी भिंतीवर काय वाचलं ते?

सावे ठरले. पाटीलबाई आणि मिश्राजी अजून मोकळे पडलेत. आणि शुक्रवार दोन दिवसांवर आलेला!

बुधवारी भाविका मोठ्या साहेबांबरोबर मुंबईला गेली. जाताना सांगून गेली, आजी, थेंब विसरू नको, दार कुणाला उघडू नको. दार मी उघडलंच नाही. बाहेरून कुलूप लावलं आणि निघाले.

बोयसरच्या कारखान्यांचे दरवाजे मला कुणी दाखवायला नकोत. वीस वर्षं मी त्या रस्त्यावर पाटी घेऊन बसलेय. पाळी कधी सुटते, कोणत्या फाटकातली माणसं बोंबील घेतात आणि कोणत्या फाटकातली नुसता भाव विचारतात, सगळं तोंडपाठ. गावाहून आणलेल्या बोंबलाची एक जुडी पिशवीत टाकली, वाटेत एक नारळ घेतला आणि डोळ्यांवर डॉक्टरांचा तो काळा चष्मा चढवून रिक्षात बसले. फाटकावरचा वॉचमन माझ्याकडे बघतच राहिला. किससे मिलना है, म्हणाला. मी म्हटलं, लॅबवाली, मालवाला और स्टोरवाला, एक-एक करके.

भाविका मॅडम की दादी म्हटल्यावर त्यानं आत फोन लावला. जेवणाची सुट्टी होती. मला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. माझा दरबारच भरला म्हणा ना.

आधी पाटीलबाई आल्या. हातात डबा, चेहरा हसरा. भाविकाचं कौतुक सुरू केलं. मी म्हटलं, ही गोड बोलून टाळतेय. असली गिऱ्हाइकं मी फार बघितलीत. हात धरून शेजारी बसवलं.

"पोरी, मला खरं सांग. तुझी अडचण काय हाय?"

"कसली अडचण आजी? मी तर भाविकाला..."

"लपवू नको. तुझ्या पोटात भीती हाय, मला दिसते. भाविका तुझी खुर्ची घेणार नाय. तुझी माणसं पण कमी करणार नाय. मी हाय ना."

पाटीलबाईंचं हसू गेलं. डब्यावरचा हात तसाच राहिला. "माझी माणसं कमी करणार, असं कोण म्हणालं?"

"कोणच नाय म्हणालं. म्हणून तर सांगते."

त्या उठल्या आणि न जेवताच आत गेल्या. मी मनात म्हटलं, एक झाला. बघा कशी विचारात पडली!

मग मिश्राजी. जाडजूड, सज्जन माणूस. आल्या आल्या वाकून पाया पडले. त्यांच्याशी हिंदीत बोलायचं, म्हणून मी आवाज आणखी मऊ केला. म्हटलं, "भैया, डरो मत. लडकी अच्छी है. जो होगा, धीरे-धीरे होगा."

"क्या होगा, माताजी?"

"वो मैं नहीं बता सकती. आप शुक्रवार को बस हाँ बोल देना. बाकी ऊपरवाला है."

मिश्राजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिनंच तोंड पुसलं. बाल-बच्चे किती आहेत तेही मी विचारलं. तीन. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तो माणूस परत आत गेला तो भिंतीला धरून. मला वाटलं, मायेनं विरघळला.

सगळ्यात शेवटी सावेसाहेब. केस पांढरे, खिशाला पेन, काखेत एक जाडी वही. हे तर आपले ठरलेले! मी उठून उभी राहिले, नारळ आणि बोंबलाची जुडी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "साहेब, तुमी मोठ्या मनाचे. सगळ्यांच्या आधी तुमी माझ्या पोरीला हो म्हटलंत. तुमचे उपकार."

ते नारळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मावशी, मी हो म्हटलं असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तिच्या भिंतीवर दिसते की. तुमचा कागद लाल. तिघांत तुमचा एकच."

"लाल आहे होय," ते म्हणाले, आणि मिशीतल्या मिशीत हसले. मी पण हसले. दोघं आपापलं हसलो.

मग ते जुडीचा वास घेऊन एकदम म्हणाले, "तुम्ही या फाटकासमोर बसायच्या ना? निळ्या ताडपत्रीखाली?" नवीन नोकरीला लागले होते तेव्हा खोलीवर एकटे राहायचे. बोंबील आधी तव्यावर भाजायचा आणि मग आमटीत टाकायचा, हे मीच म्हणे त्यांना शिकवलं होतं. मग मला आठवलं. तेव्हा केस काळे होते, आणि कांदा कापायला शिकताना बोट कापून घेतलेला तो पोरगा म्हणजे हे साहेब.

बसले मग बाकावर. वही उघडून दाखवली. मला काय वाचता येतंय! पण ते सांगत गेले. कोणतं पोतं पावसात कुठल्या भिंतीपासून लांब ठेवायचं, कोणते दोन रंग शेजारी ठेवायचे नाहीत, कोणत्या कोपऱ्यात पाणी पाझरतं. सगळं त्यांच्या हातचं लिहिलेलं. म्हणाले, "हे नव्या नकाशात कुठेच नाही. मला कुणी विचारलंच नाही, मावशी. तीन मीटिंगा झाल्या, तिन्ही वेळा फक्त सही मागितली. तुमची नात हुशार आहे, पण स्टोअरमध्ये एकदाही आली नाही. मेल येते तिची. मी फोन केला की म्हणते, एक मिनिट हं काका."

"मला पण तसंच म्हणते," मी म्हटलं.

कारखान्याच्या फाटकाशी, एका बाकावर, भाविकाच्या एका मिनिटाची वाट बघणारी दोन माणसं.

तरी बघा, माझं डोकं चाललं नाही. मनात एवढंच आलं, की हो म्हटलेला माणूस इतकी कुरकुर का करतोय? आणि मीच माझी समजूत घातली. ठरलेल्या ढिगाचं गिऱ्हाईकसुद्धा कधी कधी नाक मुरडतं.

संध्याकाळी भाविका आली. चपला काढते तोच फोन. पाटीलबाई म्हणत होत्या, माझ्या लॅबमधला एकही माणूस कमी होणार नाही असं लेखी द्या, तोवर माझा हो धरू नका. तो फोन ठेवते तर दुसरा. मिश्राजींनी म्हणे आपल्या खात्यातल्या सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, भाइयों, कुछ होनेवाला है. काय ते त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणून माणसं जास्तच घाबरली. एकानं गावाकडे भावाला फोन करून विचारलं, यंदा शेतात दोन हात जास्त चालतील का. दुपारनंतर एकही गाडी भरली गेली नव्हती.

भाविका फोन ठेवून भिंतीपाशी गेली. पाटीलबाईंचा हिरवा कागद काढला आणि लाल लावला. मिश्राजींचा हिरवा काढला आणि लाल लावला.

आणि मी टाळ्या वाजवल्या हो!

"झाले ना दोन्ही? बघ! तुला तीन महिने लागले, म्हातारीनं एका दुपारात ठरवले!"

ती हळूच वळली. लहानपणी कावळा बोंबील घेऊन उडाला की असंच बघायची. "आजी," ती म्हणाली, "तू काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. अभिमानानं सांगितलं. रिक्षा, बाक, खुर्ची, ऊपरवाला, नारळ. सांगता सांगता तिचा चेहरा बघून आवाज बारीक होत गेला. शेवटी चिंधीचं सांगितलं तेव्हा ती फरशीवरच बसली.

"आजी, लाल म्हणजे जे अजून नाही म्हणतायत ते. हिरवे म्हणजे हो म्हटलेले."

म्हणजे हो म्हटलेल्यांना मी भीती घालून आले होते, आणि नाही म्हणणाऱ्याला नारळ देऊन! ती हसत होती की रडत होती, माझ्या नव्या डोळ्यालाही नीट दिसलं नाही. मी शेजारी जाऊन बसले. खूप दिवसांनी आम्ही दोघी एकाच फरशीवर बसलो होतो, आणि ते असं.

तेवढ्यात तिसरा फोन. सावेसाहेब. तिनं आवाज मोठा केला, मलाही ऐकू आलं.

"भाविका, मी हो म्हटलेलं नाही. पण तुझ्या आजीनं आभार मानले, बोंबील दिले. आता नाही म्हणायचं तर निदान कारण तरी सांगायला हवं. उद्या स्टोअरमध्ये ये. वही घेऊन बसतो. आणि हे बघ, एक मिनिटानं नको, सकाळी ये."

गेली ती. चार दिवस जात होती. पोती, कोपरे, पाझरणारी भिंत, सगळं तिच्या नकाशात आलं. पाटीलबाईंकडे गेली, त्यांच्या डब्यातलं जेवली. मिश्राजींच्या माणसांना एकेकाला भेटली. पण त्या शुक्रवारी काही हो झाला नाही. मोठ्या साहेबांनी दोन आठवडे पुढे ढकललं. आणि त्या दोन आठवड्यांच्या मधोमध होळी.

होळीच्या आदल्या दिवशी मुलगा मला न्यायला आला. भाविका माझं गाठोडं बांधत होती. मी भिंतीपाशी उभी होते.

"माझा कागद कुठं हाय गो?"

"तुझा? आजी, तू काय स्टेकहोल्डर आहेस?"

"ज्याचं काही जाते तो, असंच बोललीस ना तू? माझी तुझ्याबरोबरची होळी गेली."

ती थांबली. फोन वाजत होता. तिनं बोट वर केलं नाही, आणि फोनही घेतला नाही. माझ्या साडीची निरी उगाचच सारखी करत बसली, फोन वाजून वाजून बंद होईपर्यंत.

गावाला होळीचं झाड उभं राहिलं, नव्या नवरा-नवरींनी नटून होळीभोवती फेऱ्या घातल्या. मला धूर नको म्हणून मी लांब, काळा चष्मा लावून बसले होते. कुणी विचारलं, नात नाय आली? मी म्हटलं, कामात हाय. ते काम मीच वाढवून आलेय, हे काही बोलले नाही.

पुढे तिघांनीही हो म्हटलं. सावेसाहेबांनी सगळ्यांच्या आधी. मोठे साहेब इतके खूश झाले, की त्यांनी भाविकाला लगेच दुसऱ्या कारखान्याचा नकाशा दिला. तो पुण्याकडे आहे म्हणे. तिथे बारा खाती आहेत. बारा कागद! फोनवर सांगत होती, आता मी आधी माणसांकडे जाते आजी, मग कागद लावते. मी विचारलं, आणि माझ्याकडे? म्हणाली, येते ना, हे संपलं की.

आता शेवटचं, आणि मग हसा मला हवं तेवढं.

या हंगामातला सगळ्यात चांगला बोंबील मी वेगळा काढलाय. वलांडीच्या कडेला ढीग केलाय आणि त्यावर लाल चिंधी लावलीय. काल शेजारची हिरा विचारत होती, एवढा चांगला माल, कुणाचा गो? मी म्हटलं, भाविकाचा. ठरलाय. हिरा म्हणाली, मग ती येते कधी? हो बोलली का?

दोन्हीकडून हो झाल्यावाचून चिंधी लावायची नाही, हे मघाशी तुम्हाला एवढ्या ऐटीत सांगितलं ना मी? चाळीस वर्षं पाळलं, आणि या ढिगाच्या वेळी घेणारीला विचारायलाच विसरले.

सोडायला म्हणून हात लावला चिंधीला. मग म्हटलं, राहू दे. माझ्या हिशेबानं चुकलीच आहे ती. पण भाविकाच्या भिंतीच्या हिशेबानं बरोबर आहे. लाल म्हणजे, हो यायचा आहे अजून.